शेजारच्या शाळेतला इंग्रजीचा शिक्षक

लोणावळ्याएवढ्या गावातही इंग्रजी शिकवणारे शिक्षक चार-पाच तऱ्हांचे आहेत. आयएनएस शिवाजीच्या केंद्रीय विद्यालयात अभ्यासक्रम दिल्लीहून ठरतो आणि वर्गात देशभरातून बदली होऊन आलेल्या घरांतली मुलं असतात. डॉन बॉस्कोसारख्या शाळेत सगळेच विषय इंग्रजीतून. व्हीपीएससारख्या जुन्या हायस्कुलात बहुतेक मुलांच्या घरात इंग्रजीचा वारा नसतो, पण दहावीला मात्र इंग्रजीचा पेपर चुकत नाही. नगरपरिषदेच्या शाळेत एकच बाई मराठी, गणित, परिसर अभ्यास आणि इंग्रजी असं सगळं शिकवतात. गाव सोडून पवन मावळात किंवा आंदर मावळात शिरलं की दोन शिक्षकांची जिल्हा परिषद शाळा लागते. तिथे दोन-तीन इयत्ता एका खोलीत बसलेल्या असतात आणि पहिलीला कविता म्हणायला लावून गुरुजी चौथीचा धडा घेत असतात.

ही सगळी माणसं एकाच बाजारात भाजी घेतात आणि एकाच लोकलने पुण्याला जातात. पण ‘तुम्ही हा धडा कसा घेता?’ असं एकमेकांना विचारायची वेळ त्यांच्यावर क्वचितच येते. माध्यम वेगळं, बोर्ड वेगळं, पगाराची तऱ्हा वेगळी. पुस्तकसुद्धा वेगळं: दहावीला इंग्रजी माध्यमाच्या मुलाच्या दप्तरात ‘इंग्लिश कुमारभारती’ असतं, तर मराठी माध्यमाच्या मुलाच्या दप्तरात ‘माय इंग्लिश कोर्सबुक’. या भिंतींमुळे शिक्षकाचं जे नुकसान होतं, त्याची फारशी चर्चा होत नाही. शिक्षकाची व्यावसायिक वाढ म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर प्रशिक्षणाचा हॉल, प्रोजेक्टर आणि शेवटचं प्रमाणपत्र येतं. माझं म्हणणं असं आहे की इंग्रजीच्या शिक्षकाला सर्वात जास्त शिकवू शकतो तो शेजारच्या शाळेतला इंग्रजीचा शिक्षक, आणि त्या दोघांची नियमित गाठ घालून देणं हे कुठल्याही प्रशिक्षणाइतकंच महत्त्वाचं काम आहे.

आधी थोडा मागचा हिशेब पाहू. महाराष्ट्रात मराठी शाळांतलं इंग्रजी पूर्वी पाचवीपासून सुरू व्हायचं. २००० सालच्या जूनपासून ते पहिलीपासून आलं. तेव्हा शिक्षणमंत्री होते प्रा. रामकृष्ण मोरे. चिंचवडच्या ज्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे, ते मावळातल्या लोकांच्या चांगल्या ओळखीचं आहे. निर्णयावर तेव्हा वादळ उठलं. मराठीचं काय होणार, मुलांवर ओझं पडेल का, यावर रकानेच्या रकाने लिहिले गेले. ज्यांनी पहिलीला इंग्रजी शिकवायचं होतं, त्या शिक्षकांबद्दल त्या मानाने कमी बोललं गेलं. डी.एड. होऊन प्राथमिक शाळेत लागलेल्या, स्वतः पाचवीत इंग्रजीची मुळाक्षरं गिरवलेल्या हजारो शिक्षकांना एका उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर इंग्रजीचे शिक्षक व्हावं लागलं. त्यांच्यातल्या बहुतेकांनी ते निभावलं. त्या निभावण्याची नोंद व्हायला हवी.

मदतीला संस्था होत्या. राज्य इंग्रजी संस्थेची स्थापना १९६५ सालची, मुक्काम औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला. राज्याची शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद पुण्यात. जिल्ह्याची ‘डाएट’, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, लोणी काळभोरला, आणि मावळातून तिथे जायचं तर सगळं पुणे शहर ओलांडून पलीकडच्या टोकाला जावं लागतं. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसने रेडिओवरून इंग्रजीचे पाठ दिले. त्या पाठांत एक शहाणपण होतं. आवाज रेडिओचा, पण वर्ग शिक्षकाचाच. मुलं ऐकत तेव्हा बाईही ऐकत आणि मुलांबरोबर त्यांचेही उच्चार बसत. शिक्षकाला कमीपणा न आणता त्याला शिकवण्याची ही युक्ती होती आणि ती मला अजूनही फार मोलाची वाटते.

त्यानंतर प्रशिक्षणं पुष्कळ झाली. पण साधारण साचा एकच राहिला: वरून तज्ज्ञ प्रशिक्षक तयार करायचे, त्यांनी जिल्ह्याचे, जिल्ह्याने तालुक्याचे, तालुक्याने केंद्राचे. प्रत्येक पायरीवर काही ना काही गळतं. शेवटच्या पायरीवर, पावसाळ्यात गळक्या व्हरांड्यातून वर्गात शिरणाऱ्या शिक्षकापर्यंत येतात त्या सूचना, कारणं वाटेतच राहतात. शिवाय आपल्याकडे प्रशिक्षणाची गाठ वेतनाशी मारलेली आहे. बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, चोवीस वर्षांनी निवडश्रेणी, आणि दोन्हीसाठी प्रशिक्षण पूर्ण केल्याचा दाखला लागतो. व्यवस्थेच्या दृष्टीने हे ठीक असेल. पण माणूस दाखल्यासाठी बसला की त्याचं लक्ष दाखल्यावर राहतं, हे कोणीही सांगेल.

आता प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये जे होत नाही आणि चार शिक्षकांच्या बैठकीत होऊ शकतं, ते जवळून पाहू.

समजा, कामशेतजवळच्या एका शाळेत सहावीच्या मुलांनी स्वतःबद्दल पाच वाक्यं लिहिली. दहा-बारा वह्यांत एकच चूक आहे: ‘माय हेअर्स आर ब्लॅक.’ पुढच्या पानावर आईच्या स्वयंपाकाबद्दल लिहिताना ‘राइस आर व्हाइट.’ बाईंनी लाल शाई वापरली, ‘हेअर इज’, ‘राइस इज’ असं वर लिहिलं आणि पाच-पाच वेळा लिहून आणायला सांगितलं. महिन्याने पुन्हा तेच. एकटी शिक्षिका यातून काय निष्कर्ष काढेल? मुलांचं लक्ष नाही. पालक अभ्यास घेत नाहीत. या मुलांना हे जमायचं नाही.

आता समजा, त्याच वह्या घेऊन ती चौघांच्या बैठकीला बसली. तळेगावच्या सरांनी आपल्या वह्या काढल्या, त्यांच्याकडेही तेच. पवनानगरकडच्या बाईंच्या मुलांची तीच चूक, आणि लोणावळ्यात इंग्रजी माध्यमात शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या की आमच्याकडची मराठी घरांतली मुलं पाचवीपर्यंत असंच लिहितात. चार शाळा, चार तऱ्हेची मुलं आणि चूक एकच. मग कोणीतरी मोठ्याने म्हणतं, ‘अहो, आपण काय बोलतो? केस वाढले, केस पांढरे झाले. तांदूळ निवडले, तांदूळ संपले. पोहे झाले.’ मराठीत हे सगळं अनेकवचनी आहे. मुलगा आळशी नाही. तो आपल्या भाषेचं व्याकरण इमानेइतबारे इंग्रजीत नेतो आहे. इथवर आलं की प्रश्नाचं तोंडच बदलतं. मुलांना दोष देऊन थांबायचं कारण उरत नाही आणि उपाय शोधणं भाग पडतं.

उपायही तिथेच निघतो. मावळ हा इंद्रायणी तांदळाचा मुलूख. मूठभर तांदूळ, एक वाटी, एक छोटी पिशवी टेबलावर मांडायची आणि मुलांकडून ‘अ हँडफुल ऑफ राइस’, ‘अ बाउल ऑफ राइस’, ‘अ बॅग ऑफ राइस’ असं म्हणवून घ्यायचं. मोजायची ती मूठ, वाटी आणि पिशवी, तांदूळ मोजायचे नाहीत. लोणावळ्याच्या मॅडम म्हणतात की माझ्याकडे चिक्की चालेल, अर्धी मुलं त्याच धंद्याच्या आसपास वाढली आहेत. पुढच्या महिन्यात वह्या पुन्हा येतात. राइस बराचसा सुधारला आहे, पण हेअर तसंच आहे, कारण केसांची वाटी करता येत नाही. मग केसांसाठी वेगळी वाट शोधायची. हे असं पायरीपायरीने चालतं. यात भाषाशास्त्र आहे, अध्यापनशास्त्र आहे आणि संशोधनही आहे, आणि यातल्या कशालाही हॉल भाड्याने घ्यावा लागला नाही.

महाराष्ट्रात हे प्रत्यक्षात घडलेलं आहे. विदर्भात, भंडाऱ्यासारख्या छोट्या गावांत, या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत इंग्रजीच्या शिक्षकांनी आपापले क्लब सुरू केले. इंग्लिश टीचर्स क्लब हेच त्यांचं नाव. त्यामागे भंडाऱ्याच्या जे. एम. पटेल महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे अमोल पडवाड आणि त्यांचे सहकारी होते. सरकारी आदेश नव्हता, निधी नव्हता, भत्ता नव्हता. शिक्षक आपल्या खुशीने जमायचे, वर्गातल्या अडचणी मांडायचे, आपलं इंग्रजी सुधारायचे. २००८ साली पडवाड आणि कृष्णा दीक्षित यांनी या क्लबांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. क्लबमध्ये येणारे शिक्षक आणि न येणारे शिक्षक वर्गातल्या अडचणींचा विचार कसा करतात, याची त्यांनी तुलना केली. क्लबमधल्या शिक्षकांचा विचार अधिक खोलात जाणारा निघाला. अडचण आपल्या हातातली आहे, तिच्यावर काही करता येईल, असं त्यांना अधिक वाटत होतं. वरच्या वह्यांच्या उदाहरणात जे झालं, ते हेच. पुढे २०१३ साली यातूनच ऑल इंडिया नेटवर्क ऑफ इंग्लिश टीचर्स, म्हणजे ‘आयनेट’, उभं राहिलं. एक अखिल भारतीय जाळं पुण्या-मुंबईच्या इंग्रजीतून न उगवता विदर्भातून उगवलं, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

याला तात्त्विक आधारही एका भारतीयानेच दिला. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या साध्या सरकारी शाळांत एक प्रयोग केला, तो जगभर बंगलोर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. व्याकरणाचे नियम सांगण्याऐवजी नकाशा वाचणं, रेल्वेचं वेळापत्रक लावणं अशी कामं मुलांना इंग्रजीतून करायला द्यायची, असा तो प्रयोग. पण १९९० साली त्याच प्रभूंनी एका निबंधात सांगितलं की सर्वोत्तम अशी एकच पद्धत नसते. शिक्षकाच्या मनात, आपण जे करतो त्याने मूल खरोखर शिकतं आहे, अशी एक जिवंत जाणीव असावी लागते. ती जाणीव मेली की उत्तमातली उत्तम पद्धतही यंत्रासारखी चालते. आणि ती जिवंत राहते दुसऱ्या शिक्षकाच्या जाणिवेशी घासून. स्वतः पद्धत शोधलेल्या माणसाने हे म्हणावं, यात फार मोठा प्रांजळपणा आहे.

जपानमधल्या प्राथमिक शाळांत हीच गोष्ट शंभराहून अधिक वर्षं रुजलेली आहे. एका पाठाची आखणी काही शिक्षक मिळून करतात, एकजण तो वर्गात घेतो, बाकीचे मागे बसून मुलं काय करताहेत ते टिपतात, आणि नंतर त्या पाठाची चिरफाड होते. पाठाची, शिक्षकाची नव्हे. आपल्याकडे वर्गात दुसरं कोणी येऊन बसलं की तपासणी आली असंच मनात येतं. पूर्वीच्या तपासणी अधिकाऱ्यांच्या भेटींनी ती भीती इतकी मुरवली आहे की ती जायला वेळ लागेल. म्हणून मी म्हणतो, सुरुवात वर्गभेटीने करू नये. वह्यांपासून करावी. वही टेबलावर ठेवायला माणसाला संकोच कमी वाटतो.

सरकारनेही ही दिशा ओळखली होती. २०१६ ते २०१९ या काळात राज्य सरकार, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून ‘तेजस’ प्रकल्प नऊ जिल्ह्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी चालवला. त्याचा गाभा होता शिक्षकांचे गट, ज्यांना ‘टॅग’ म्हणत. गटाचा समन्वयक शिक्षकांमधलाच, बैठका ठरलेल्या, मधल्या दिवसांत व्हॉट्सॲपवर बोलणं. माध्यमिक शिक्षकांसाठी त्याच सुमारास ‘चेस’ नावाचा कार्यक्रम आला आणि त्यात इंग्लिश टीचर्स फोरमच्या बैठका होत्या. दोन्हींची कल्पना उत्तम. अडचण एकच, आणि ती कुठल्याही प्रकल्पाची असते: प्रकल्पाला मुदत असते, आणि वर्गातल्या प्रश्नांना नसते. ज्या तालुक्यात शिक्षकांनी बैठक आपली मानली, तिथेच अशी गोष्ट मुदतीनंतर टिकते.

प्राथमिक शाळांसाठी केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला भरते, तेव्हा नव्या बैठकीची गरज काय, असं कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. केंद्र ही कल्पना मुळात फार चांगली: दहाएक शाळांचा एक गट, एक केंद्रप्रमुख, महिन्यातून एकदा एकत्र येणं. पण त्या एका दिवसात पोषण आहाराची माहिती, आधारची जुळणी, शिष्यवृत्तीच्या याद्या, नवी परिपत्रकं हे सगळं उरकायचं असतं. इंग्रजीच्या वाट्याला आलंच तर एखादं आदर्श पाठाचं सादरीकरण येतं. आणि माध्यमिक, इंग्रजी माध्यमातले, केंद्रीय विद्यालयातले शिक्षक त्या परिषदेत नसतातच.

म्हणून मावळात अशी बैठक भरवायची तर कशी, हे सांगतो. तालुक्याचं ठाणं वडगाव, पंचायत समिती तिथे. पण भेटायला कामशेत बरं. लोणावळा आणि तळेगाव दोन्हींकडून लोकल आहे, पवनानगरचा आणि नाणे मावळाचा रस्ता तिथेच फुटतो, आणि टाकव्याकडून येणाऱ्यांना कान्हे फाटा हाकेच्या अंतरावर. वार शनिवार, कारण बहुतेक शाळा शनिवारी सकाळच्या असतात. माणसं सहा ते आठ पुरेत. पंधरा झाली की भाषणं सुरू होतात. अध्यक्ष नको, शाल-श्रीफळ नको, पाहुणा वक्ता तर नकोच. प्रत्येकाने एक वस्तू आणायची: चार वह्या, एखादी प्रश्नपत्रिका, फसलेला एखादा खेळ. दोन तासांतला अर्धा तास फक्त इंग्रजीत बोलायचं आणि त्या अर्ध्या तासात कोणी कोणाला दुरुस्त करायचं नाही. उरलेला वेळ मराठीत खुशाल बोला, कारण विचार करायचा आहे. आषाढ-श्रावणात मावळातला पाऊस माणसाला घराबाहेर पडू देत नाही, तेव्हा ते दोन महिने फोनवर भेटा.

तो इंग्रजीतला अर्धा तास गाळू नका. आपल्या शिक्षकांना इंग्रजी वाचता येतं, लिहिता येतं, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढीचं व्याकरण तर पक्कं होतं. पण बोलायला जोडीदार मिळत नाही. पंधरा-पंधरा वर्षं इंग्रजी शिकवलेली माणसं समोर इंग्रजी बोलणारा आला की गप्प होतात. याची लाज त्यांनी का बाळगावी? बोलायची जागाच कधी दिली गेली नाही. लोणावळ्यात डॉन बॉस्कोतली किंवा केंद्रीय विद्यालयातली शिक्षिका आणि जिल्हा परिषदेची शिक्षिका एका टेबलाशी बसली, तर एकीला बोलणं मिळेल आणि दुसरीला मराठी मुलाच्या डोक्यात काय चालतं ते कळेल. ही देवाणघेवाण बरोबरीची आहे.

व्हॉट्सॲपचा गट करावा, पण त्यावर सुप्रभात आणि परिपत्रक दोन्हींना बंदी असावी. एक फोटो, एक प्रश्न, इतकंच.

पुढची पायरी तालुक्याबाहेरची. चेन्नईची इंग्लिश लँग्वेज टीचर्स असोसिएशन ऑफ इंडिया १९६९ पासून काम करते आहे. ब्रिटनमधली ‘आयएटेफल’ ही अशीच संघटना १९६७ ची. आयनेट तर आपल्या घरचंच. यांच्या परिषदांत शाळेतल्या शिक्षकाला आपलं काम मांडता येतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत बसून देशोदेशीच्या वर्गांशी आपली मुलं जोडली. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला आणि त्याची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. शिक्षकाचं जाळं जगभर पसरू शकतं, त्यासाठी शहरात असावं लागत नाही, हे त्यांनी दाखवलं.

आणि लिहावं. मराठी शिक्षकांचं लिहिणं-वाचणं जुनं आहे. पुण्यातून १८६१ साली ‘मराठी शाळापत्रक’ निघालं, कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि पुढे विष्णुशास्त्री यांनी ते चालवलं. विष्णुशास्त्री स्वतः सरकारी शाळेत शिक्षक होते, हे आपण निबंधमालेच्या तेजात विसरतो. आज ‘जीवन शिक्षण’ मासिक आहे, बोर्डाचं ‘शिक्षण संक्रमण’ आहे. ‘राइस आर’पासून ‘अ बॅग ऑफ राइस’पर्यंतचा तीन महिन्यांचा प्रवास दोन पानांत लिहिला, तर गडचिरोलीच्या शिक्षकालाही तो उपयोगी पडेल.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान पन्नास तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. महिन्याला दोन तासांची बैठक धरली, तर वर्षाचे वीस-बावीस तास त्यातच होतात. शिक्षण विभागाला माझी विनंती आहे की हे तास मोजा. साधी वही ठेवायला सांगा, कोण आलं आणि कशावर बोलणं झालं एवढं त्यात असू द्या. त्याहून अधिक काही मागू नका. नमुना, अहवाल, फोटो, जिओटॅग मागितलंत की बैठक संपली.

आणि मावळातल्या इंग्रजीच्या शिक्षकांना सांगणं असं: आदेशाची वाट पाहू नका. शेजारच्या शाळेत इंग्रजी कोण शिकवतं ते विचारा, त्यांचा नंबर घ्या, आणि येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर चार वह्या पिशवीत घालून कामशेतला या.